साथीच्या काळात चर्चची मंडळी कशी सांभाळावी: इंदूरहून एक सविस्तर मार्गदर्शक

चर्चला कुलूप लागलं की बहुतेक मंडळ्यांची पहिली धावपळ कॅमेऱ्यासाठी होते. रविवारची उपासना यूट्यूबवर टाकायची की फेसबुकवर, मोबाइल कुणाचा, स्टँड कुठून आणायचा, यातच पहिले दोन आठवडे निघून जातात. माझं ठाम मत आहे की सुरुवात तिथून करू नये. सुरुवात घरांच्या यादीपासून करावी. कोण एकटं राहतं, कुणाची शुगरची गोळी परवा संपतेय, कुणाच्या घरात साधाच फोन आहे, हे ज्या मंडळीला माहीत असतं तिची उपासनाही घरोघर पोचते आणि धान्यही. उपासना आणि सेवा ही दोन वेगळी खाती नाहीत. साथीत तर ती एकाच फोनवरून चालतात.

इंदूरकरांना हे फार लवकर कळलं. 22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला, त्याच आठवड्यात शहरात कोविडचे पहिले रुग्ण सापडले आणि एप्रिलमध्ये आपलं शहर देशातल्या सर्वाधिक बाधित शहरांत मोजलं जाऊ लागलं. 5 एप्रिलचा झावळ्यांचा रविवार (पाम संडे), 10 एप्रिलचा गुड फ्रायडे, 12 एप्रिलचा ईस्टर, सगळे दारं बंद ठेवून झाले. पुढच्या वर्षीचा ईस्टर 4 एप्रिलला आला आणि पाठोपाठ दुसरी लाट. तेव्हा जे केलं, जे पाहिलं, त्यातून पुढच्या साथीसाठी उपयोगी पडेल ते इथे मांडते आहे. मी स्वतः प्रोटेस्टंट मंडळीतली आहे, त्यामुळे पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू), पंच (चर्चचा कारभार बघणारे) असे शब्द येतील. कॅथलिक वाचकांनी तिथे फादर आणि पॅरिश कौन्सिल समजून घ्यावं.

पहिली पायरी: यादी

प्रत्येक चर्चकडे सभासदांची वही असते. ती वर्गणीच्या हिशेबासाठी असते, साथीत तिचा उपयोग अर्धाच. त्यात ज्यांनी वर्गणी भरली ते सापडतात. ज्यांना मदत लागणार ते बरेचदा सापडत नाहीत. म्हणून नवी यादी करा आणि ती माणसानुसार नाही, घरानुसार करा.

प्रत्येक घरासमोर एवढं लिहा: घरात किती जण, वयं, कुणाला बीपी, शुगर, दमा, डायलिसिस, रोजच्या गोळ्या कोणत्या आणि कुठल्या दुकानातून येतात, फोन कोणता, नेट आहे का, शेजारी कोण आणि त्यांचा नंबर, मुलं कुठे असतात, रेशनकार्ड आहे का, घरात मराठी जास्त चालते की हिंदी. हा शेवटचा रकाना बाहेरच्यांना फालतू वाटेल. इंदुरात आपली उपासना बहुधा हिंदीत होते आणि आपण सगळे ती सहज करतो. पण तापाने पडलेली ऐंशीची आजी प्रार्थना मराठीतच मागते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना तो रकाना का हवा ते सांगावं लागणार नाही.

आता वहीत नसलेली माणसं जोडा. चर्चच्या आवारात राहणारा शिपाई आणि त्याचं कुटुंब, कब्रस्तानात खड्डे खणणारे, झाडलोट करणाऱ्या बाई, संडे स्कूलला येणारी पण सभासद नसलेली मुलं, भांडून चर्च सोडून गेलेली घरं, आणि चर्चच्या भिंतीला लागून असलेली वस्ती, मग तिथे कुणीही राहत असो.

एक वेगळं पान नर्सिंगमधल्या भगिनींसाठी ठेवा. ख्रिस्ती समाजातल्या कितीतरी घरांतली कर्ती बाई हॉस्पिटलात ड्यूटीवर असते. साथ आली की बाकीचे घरात बसतात आणि ती बाहेर पडते. तिच्या मुलांना दुपारी कोण जेवू घालणार? घरमालक खोली रिकामी करा म्हणाला तर त्याच्याशी कोण बोलणार? 2020 मध्ये देशभर असे प्रकार झाले. मंडळीतल्या दोन भारदस्त माणसांनी मालकाकडे जाऊन शांतपणे बोलणं, हे काम पाळकसाहेबांच्या प्रवचनाइतकंच महत्त्वाचं आहे.

यादीच्या दोन प्रती कागदावर ठेवा, एक पाळकसाहेबांकडे आणि एक सेक्रेटरीकडे. आजाराची माहिती व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. घरच्यांना विचारूनच लिहा आणि ती कोण कोण पाहणार तेही सांगा.

मग वाटणी करा. ती दोन प्रकारे करावी लागते. फोनसाठी घरं ओळखीप्रमाणे वाटा: ज्याचं ज्यांच्याशी जमतं, ती घरं त्याच्याकडे, माणशी आठ-दहा. सामान पोचवण्यासाठी मात्र भागाप्रमाणे वाटा. कारण मोहल्ला सील झाला की बॅरिकेडच्या पलीकडचा माणूस आत येऊ शकत नाही. सुदामा नगरातल्या घराला सुदामा नगरातल्याच कुणीतरी औषध द्यायला हवं, राजेंद्र नगरातल्याला राजेंद्र नगरातल्याने. शेजारच्या महू गावातल्या घरांसाठी महूतच माणूस हवा. शहराची हद्द बंद झाली की इंदूरहून कुणी जाणार नाही.

फोन कसा करावा

हे काम सोपं वाटतं म्हणून कुणी शिकवत नाही, आणि म्हणूनच ते वाया जातं. "काही हवं असेल तर सांगा हं" हे वाक्य मुळीच वापरू नका. आपल्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं: "नको हो, सगळं आहे, देवाची कृपा." फोन ठेवल्यावर त्या घरात संध्याकाळी चहाला दूध नसतं.

नेमकं विचारा. आमच्याकडच्या एका भगिनीची पद्धत मला फार आवडते. तिचा फोन साधारण असा चालतो:

"काकू, जय ख्रिस्त. जेवण झालं? आज काय केलं होतं?" (खिचडी तिसऱ्या दिवशीही खिचडीच असली तर भाजी संपली आहे.) "पिठाचा डबा उघडून बघता का, किती दिवस जाईल?" "बीपीच्या गोळ्यांचं पाकीट समोर आणा बरं. किती उरल्या, मोजून सांगा." "काका कुठेत? त्यांना फोन द्या, दोन मिनिटं बोलते." काका बोलू लागले की ती शब्दांकडे कमी आणि श्वासाकडे जास्त लक्ष देते. एक वाक्य एका दमात पूर्ण होतंय का? मध्ये थांबावं लागत असेल तर बाकी सगळं सोडून डॉक्टरांना फोन.

शेवटी प्रार्थना. ती लांब नको. काकूंनी जे सांगितलं तेच देवापुढे ठेवायचं: पुण्यातला मुलगा, गुडघा, संपत आलेली गोळी. यादीतल्या रकान्यांचीच प्रार्थना होते, आणि मला वाटतं त्या काळात आम्ही केलेली सर्वांत खरी उपासना तीच होती. आजारी आणि एकट्या माणसांना रोज, बाकीच्या घरांना आठवड्यातून दोनदा. फोन करणाऱ्याने त्याच वेळी वहीत ओळ लिहावी. रात्री आठवून लिहू म्हटलं की अर्धं विसरतं.

फोन करणाऱ्यांनाही कुणीतरी फोन करायला हवा. रोज दहा घरांची काळजी कानावर घेऊन झोप लागत नाही. आठवड्यातून एक दिवस त्यांची सुट्टी, त्या दिवशी घरं दुसऱ्याकडे.

निर्णय कुणी घ्यायचे

पाच जणांची समिती पुरे: पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार, महिला मंडळातली एक, आणि डॉक्टर किंवा अनुभवी नर्स. त्यात एकच माणूस प्रशासनाशी बोलेल, पास, परवानगी, नगर निगम, ठाणे सगळं तोच बघेल. पाच जण पाच अधिकाऱ्यांना भेटले की पाच वेगवेगळी उत्तरं येतात.

समितीने पहिला प्रश्न विचारायचा तो हा: हा आजार पसरतो कसा? हवेतून, पाण्यातून, डासांतून की स्पर्शातून? पुढचं सगळं त्यावर ठरतं. कोविडच्या सुरुवातीला सगळीकडे फवारणीवर भर होता; नंतर कळलं की बंद खोलीतली हवा हाच मोठा धोका. पुढची साथ वेगळी असू शकते. म्हणून सल्ला बदलला की मंडळीला तसं स्पष्ट सांगा, "आधी असं सांगितलं होतं, आता नवी माहिती आली आहे" म्हणून. त्याने विश्वास वाढतो.

अफवांचं काम याच समितीचं. 1 एप्रिल 2020 ला इंदूरच्या टाटपट्टी बाखल भागात आरोग्य पथकावर दगडफेक झाली आणि पथकातल्या महिला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच भागात कामाला गेल्या. त्या दगडांमागे भीती होती: नेलं तर माणूस परत येत नाही. अशी भीती कुठल्याही समाजात, कुठल्याही गल्लीत तयार होऊ शकते, आपल्यातही. तपासणी पथक येणार असेल तर आदल्या दिवशी पाळकसाहेबांनी प्रत्येक घरी आवाजातला संदेश पाठवावा, आणि पथकाबरोबर आपल्या ओळखीची एक बाई दारात उभी राहावी. आशा कार्यकर्तीचं काम त्याने अर्धं हलकं होतं.

घरातली उपासना

आता उपासनेकडे. माझा क्रम असा: आधी कागद, मग आवाज, मग व्हिडिओ.

कागद म्हणजे एका पानाचा उपासनाक्रम: स्तोत्र, पापांगीकार (पापांची कबुली), बायबलवाचन, दोन-तीन ओळींचं मनन, मध्यस्थीची (इतरांसाठीची) प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद. मोठ्या अक्षरात. फोटो काढून व्हॉट्सअॅपवर, आणि ज्यांच्याकडे ते नाही त्यांना किराण्याच्या पिशवीबरोबर. या पानावर घरातल्या माणसांना कामं वाटून द्या: वाचन सर्वांत लहान वाचणाऱ्याने करावं, मध्यस्थीची प्रार्थना आजोबांनी. व्हिडिओपुढे घर प्रेक्षक होतं. कागद हातात असला की घर मंडळी होते.

आवाज म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचं रेकॉर्डिंग, किंवा साध्या फोनवरचा कॉन्फरन्स कॉल. ज्येष्ठांना हाच सर्वांत सोयीचा, डेटाही कमी लागतो. रेकॉर्ड करताना पंखा बंद, मोबाइल तोंडापासून वीतभर, खिडकीला पडदा. ओळखीचा आवाज हवा. मोठ्या शहरातल्या प्रसिद्ध उपदेशकाचा व्हिडिओ पुढे ढकलणं सोपं असतं, पण आपल्या पाळकाचा घसा बसलेला आवाज ऐकून घरात जे होतं ते त्याने होत नाही.

व्हिडिओ करायचा तर अर्ध्या तासात संपवा. आणि एक गोष्ट काटेकोर पाळा: आजाऱ्यांची नावं सार्वजनिक व्हिडिओत घेऊ नका. ती फक्त फोन करणाऱ्यांच्या प्रार्थनेत.

गाण्यांसाठी आपल्याकडे तयार वाट आहे. मराठी ख्रिस्ती घरांत भजन, अभंग, कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. टाळ, पेटी, नसेल तर नुसती टाळी. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी धरायची. घरात चार माणसं असली तरी ते उभं राहतं.

पवित्र सहभागितेचं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या प्रभुभोजनाचं काय, हा प्रश्न सगळ्यात आधी आणि सगळ्यात कळकळीने येतो. तो व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोडवू नका. प्रत्येक परंपरेचा त्यात अधिकार ठरलेला आहे. बिशपसाहेबांचं पत्र मागवा आणि ते जसंच्या तसं वाचून दाखवा. कॅथलिकांकडे 2020 मध्ये आध्यात्मिक सहभागितेच्या (भाकर न घेता मनानेच प्रभूला स्वीकारण्याच्या) प्रार्थनेवर भर होता, 20 मार्च 2020 ला रोमहून पापक्षमेबद्दलही विशेष मार्गदर्शन आलं होतं. आपल्या मंडळीत प्रभुभोजन थांबवायचं ठरलं तर कारणासकट सांगा आणि त्या उपवासाला उपवासच म्हणा. लोक ते समजून घेतात.

सणांना मात्र घराचं रूप द्या. झावळ्यांच्या रविवारी अंगणातली कुठलीही हिरवी फांदी दाराला. पवित्र गुरुवारी घरातल्यांनीच एकमेकांचे पाय धुवावे. नवऱ्याने बायकोचे, सासूने सुनेचे. पुनरुत्थानदिनी पहाटे गच्चीवर. इंदुरात एप्रिलच्या पहाटे गच्चीवर छान वारा असतो. शेजारच्या गच्चीवरच्या कुटुंबाला दुरून "प्रभू उठला आहे" म्हटलं तर उत्तर ऐकू येतं.

साथीमुळे सणाचं रूप बदललं म्हणून त्याचं मोल कमी होत नाही, याचा दाखला इंदूरच्या इतिहासातच आहे. होळकर दरबाराने बोलावलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1917-18 च्या सुमारास इथे होते आणि शहराला तेव्हा प्लेगने घेरलं होतं. त्यांनी दिवाळीची मिरवणूक हाती घेतली, तिच्यात प्लेगच्या उंदराची अवाढव्य प्रतिमा फिरवली, आणि मिरवणूक सर्वांत स्वच्छ गल्ल्यांतून जाईल असं जाहीर केलं. आपल्या गल्लीतून मिरवणूक जावी म्हणून लोकांनी घरं-रस्ते झाडून काढले. स्वच्छतेबद्दलचं भाषण जे करू शकलं नसतं ते सणाने केलं. नाताळच्या सजावटीत मास्क वाटण्याचं टेबल, किंवा संडे स्कूलच्या मुलांनी हात धुण्यावर बसवलेलं गाणं, हे त्याच वाटेवरचं आहे.

दार पुन्हा उघडताना

केंद्राने धर्मस्थळं उघडण्याची मुभा 8 जून 2020 पासून दिली. पण जिल्ह्याचा आदेश वेगळा असतो, आणि सील झालेल्या भागात ती मुभा लागूच नव्हती. त्यामुळे बातमी ऐकून दार उघडू नका. कलेक्टर कार्यालयाचा लेखी आदेश बघा.

तेव्हाच्या नियमांत सहा फूट अंतर, मास्क, मूर्ती-ग्रंथांना स्पर्श नाही, प्रसाद किंवा पवित्र पाणी नाही, आणि समूहगायन नाही, असं होतं. गायनाचा नियम लोकांना सर्वांत जड गेला, म्हणून त्याचं कारण सांगते. 10 मार्च 2020 ला अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाची तालीम झाली. 61 जण होते, एकाला आधीपासून लक्षणं होती. 53 जण आजारी पडले, त्यांतले 33 चाचणीने निश्चित झाले; दोघांचा मृत्यू झाला. बंद खोलीत मोठ्याने गाताना श्वास किती दूर जातो हे त्यातून दिसलं. तेव्हा हवेतून पसरणाऱ्या साथीत गायचंच असेल तर आवारात, झाडाखाली, एक गायक आणि एक पेटी. बाकीच्यांनी मनात किंवा टाळीने.

जुन्या चर्चची उंच छतं आणि मोठी दारं इथे वरदान आहेत. रेसिडेन्सी भागातली जुनी चर्चं बघा. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की वारा आरपार जातो. वर्षानुवर्षं खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या आधी उघडा, मग सॅनिटायझरचे डबे विकत घ्या. एसी हॉलमध्ये उपासना नको.

बाकीचं थोडक्यात. एका रविवारी दोन-तीन छोट्या उपासना, मध्ये अर्धा तास दारं उघडी. बाकावर खुणा. येणाऱ्याचं नाव आणि फोन दारात लिहा, महिन्याने ते कागद नष्ट करा. दानाची थैली फिरवू नका. दाराशी पेटी आणि क्यूआर कोड. गीतपुस्तकं घरून आणायची. प्रभुभोजनाचा एकच प्याला थांबवा; सगळ्यांनी त्यात भाकर बुडवणंही सुरक्षित नाही. आणि मेणबत्तीच्या टेबलापाशी सॅनिटायझर ठेवू नका. त्यात 70 टक्के अल्कोहोल असतं, ओल्या हाताने काडी ओढली तर हात पेटतो. हात सुकेपर्यंत थांबा किंवा तिथे साबण-पाणीच ठेवा.

आजारी घर

मंडळीने डॉक्टर व्हायचं नाही. पण घर आणि डॉक्टर यांच्यामधली वाट मोकळी ठेवायची. त्यासाठी चार-पाच ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारी यंत्रं) चर्चकडे असावेत. ते देताना वापरायला शिकवा: नेलपॉलिश काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा, बसून, हात स्थिर ठेवून एक मिनिट थांबा, मग आकडा लिहा. कोविडमध्ये 94 च्या खाली आकडा गेला, किंवा सहा मिनिटं घरातच चालल्यावर तीन-चार अंकांनी उतरला, तर थांबायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. डॉक्टरांची हरकत नसेल तर पोटावर पालथं झोपवल्याने बेड मिळेपर्यंत मदत होते.

दुसऱ्या लाटेत रेमडेसिव्हिर इंजेक्शनच्या मागे कितीतरी तरुण रात्र रात्र धावले. स्वयंसेवकांना सांगून ठेवा: चिठ्ठीशिवाय कुठलंही इंजेक्शन शोधायचं नाही, अनोळखी माणसाला आगाऊ पैसे पाठवायचे नाहीत. स्टेरॉइड तर स्वतःच्या मनाने कधीच नाही. मे 2021 मध्ये इंदूरच्या सरकारी एमवाय हॉस्पिटलात काळ्या बुरशीचे रुग्ण येऊ लागले तेव्हा अनियंत्रित शुगर आणि स्टेरॉइड यांचा संबंध सगळ्यांच्या लक्षात आला. घरी स्टेरॉइड चालू असलेल्या रुग्णाची शुगर रोज तपासली जातेय का, हा प्रश्न फोनच्या यादीत हवाच.

चर्चचा हॉल आहे, तिथे खाटा टाकू या, असा प्रस्ताव दर साथीत येतो. खंडवा रोडवर राधास्वामी सत्संगाच्या आवारात एप्रिल 2021 मध्ये माँ अहिल्या कोविड केअर सेंटर उभं राहिलं, ते प्रशासन आणि डॉक्टर पाठीशी होते म्हणून. तसे डॉक्टर, ऑक्सिजन, कचऱ्याची सोय नसेल तर हॉलचा उपयोग दुसऱ्या कामांना करा: धान्य बांधणं, लसीकरण केंद्र, किंवा घरात एकच खोली असलेल्यांना राहायला जागा. लसीसाठी तर मंडळी फार करू शकते. 1 मार्च 2021 पासून साठीच्या पुढच्यांना लस सुरू झाली तेव्हा अडचण भीतीची कमी आणि कोविन या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवण्याची जास्त होती. एक तरुण, एक लॅपटॉप, रविवारी उपासनेनंतर आवारात टेबल, एवढ्याने काम झालं.

धान्य आणि रस्ता

चार माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी पिशवी अशी बसते: दहा किलो आटा, तीन किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, साखर, चहा, मीठ, हळद-तिखट, तीन किलो बटाटे-कांदे, आंघोळीचा आणि कपड्यांचा साबण, सॅनिटरी पॅड. पॅड विसरू नका. पुरुषांनी केलेल्या यादीत ते नेहमी राहतात. लहान मूल असेल तर दुधाची पावडर. वाटप अंधार पडल्यावर करा, कारण उभ्या आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेल्या घरांना शेजाऱ्यांच्या नजरेची लाज वाटते. फोटो काढू नका. देणगीदाराला हिशेब द्या, चेहरे देऊ नका.

मे 2020 मध्ये आग्रा-मुंबई मार्गावरून महाराष्ट्रात कामाला गेलेले कामगार सेंधव्याहून इंदूर बायपासमार्गे उत्तरेकडे निघाले होते, पायी, सायकलवर, ट्रकवर. शहरातल्या कितीतरी लोकांनी तिथे पंगती मांडल्या. रस्त्यावरच्या माणसाला काय द्यावं याची जाण तिथे आली. मे महिन्याच्या उन्हात रस्स्याची भाजी दुपारपर्यंत आंबते. पुरी आणि कोरडं लोणचं, भाजलेले चणे, गूळ, मीठ-साखरेचं पाणी हे टिकतं. त्याहून जास्त मागणी चपलांची होती. घरोघरच्या जुन्या चांगल्या चपला धुऊन, जोड्या बांधून, मापाप्रमाणे टोपल्यांत ठेवा. मोबाइल चार्ज करायला एक लांब वायर आणि चार-पाच प्लगचा बोर्ड द्या. आणि मराठी येणारा माणूस तिथे उभा करा: नाशिक, पुणे, भिवंडीत वर्षं काढलेल्या त्या लोकांशी मराठीत दोन शब्द बोलले की चेहरे उजळतात.

मदतीच्या पिशवीत पत्रक घालू नका, मदतीच्या जागी धर्माची चर्चा काढू नका. मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा 1968 पासून आहे, 2021 मध्ये तो नव्याने आणि अधिक कडक झाला. पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. भुकेलेल्या माणसासमोर अट ठेवणं प्रभूच्या रीतीत बसत नाही.

मृत्यू

इथे घाई करू नका.

केंद्र सरकारच्या 15 मार्च 2020 च्या मार्गदर्शनात देहाला स्नान घालणं, चुंबन, मिठी यांना मनाई होती. पण धर्मग्रंथाचं वाचन, पवित्र पाणी शिंपडणं, ज्याला स्पर्श लागत नाही असे विधी, आणि कर्मचाऱ्यांनी पिशवीची चेन उघडून शेवटचं मुखदर्शन, याला मुभा होती. कितीतरी कुटुंबांना हे माहीतच नसतं आणि घाबरलेला कर्मचारी "काही करता येणार नाही" म्हणतो. त्या मार्गदर्शनाची छापील प्रत पाळकसाहेबांच्या खिशात हवी. नम्रपणे ती दाखवली की बहुतेक वेळा पाच मिनिटं मिळतात. ती पाच मिनिटं त्या कुटुंबाला जन्मभर पुरतात.

कब्रस्तान कमिटीशी साथीच्या पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवा: कुणाला फोन करायचा, खड्डा किती वेळात होतो, शवपेटी कोण पोचवेल, रात्री उजेडाची सोय काय. खणणाऱ्यांना हातमोजे, मास्क, गमबूट, साबण-पाणी आणि ठरलेली जादा मजुरी द्या. वापरलेले पीपीई किट पिवळ्या पिशवीत बांधून परत न्यायचे. कबरीच्या बाजूला टाकलेले पांढरे कपडे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलाला दिसू नयेत. दफनाला माणसं वीसच्या आत. मातीची मूठ प्रत्येकाने टाकावी, मग हात धुवावे. ती मूठ कुणाकडूनही काढून घेऊ नका. पुण्याच्या, बंगळुरूच्या मुलांसाठी एकाने फोन धरून उभं राहायचं, आणि त्याचं तेवढंच काम. दहनाची वेळ आली तर अपराधी वाटून घेऊ नये. बहुतेक चर्चेसना ते मान्य आहे. कॅथलिकांनी रक्षा विसर्जित न करता एकत्र जतन करून पुरायची, एवढं लक्षात ठेवावं.

सर्वांत अवघड काम वेगळंच असतं. नवरा हॉस्पिटलात गेला, बायको घरात एकटी, स्वतः पॉझिटिव्ह. तिला कोण सांगणार? हॉस्पिटलचा फोन तिला थेट जाऊ नये म्हणून संपर्कासाठी दुसरं नाव आधीच देऊन ठेवा. रोज जी भगिनी तिला फोन करते तिनेच सांगावं, आणि पाळकसाहेबांनी दाराबाहेर, अंगणात, मास्क लावून उभं राहावं. फोन चालूच ठेवायचा. बोलायची गरज नाही. ती रडेल तेवढा वेळ दुसऱ्या टोकाला कुणीतरी असावं. रात्री झोपेपर्यंत आळीपाळीने तिघी-चौघींनी लाइनवर राहावं. तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि महिन्याने पुन्हा फोन.

दार उघडल्यावर एक स्मरण उपासना घ्या. साथीत गेलेल्या प्रत्येकाचं नाव सावकाश वाचा, आजार कोणताही असो. त्या काळात हार्ट अटॅकने गेलेल्यांनाही कुणी खांदा देऊ शकलं नव्हतं.

पैसा आणि सामान

वर्गणी पहिल्याच महिन्यात निम्म्याने कमी होते असं धरून चाला. पाळक, शिपाई, पेटीवाला यांचा पगार आधी बाजूला ठेवा. मदतनिधीचं खातं वेगळं, दोन सह्यांचं, आणि दर पंधरवड्याला जमाखर्च नोटीस बोर्डावर.

परदेशातल्या नातेवाइकांचा पैसा जपून घ्या. भारतीय नागरिक परदेशात राहून आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्ड असलं तरी, ती परदेशी देणगी होते आणि एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी लागते. सप्टेंबर 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो आणि दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. आधी सीएला विचारा, मग भाच्याला खाते क्रमांक पाठवा.

साथ ओसरली की ऑक्सिमीटरमधले सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून यंत्र खराब होतं. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) असेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास चालवा, फिल्टर धुऊन सुकवा, आणि तारीख पट्टीवर लिहून यंत्राला चिकटवा. कपाटाच्या किल्ल्या दोन: एक चर्चच्या ऑफिसात, दुसरी आवाराजवळ राहणाऱ्या घरात, जिथून रात्री दोन वाजताही ती मिळेल.